खाऱ्या हाताला न लागणारं तीर्थ

या, असे जवळ येऊन बसा. लांब उभे राहिलात तर अर्धी गोष्ट वाऱ्यावर जाईल, आणि ही गोष्ट अर्धी ऐकण्यासारखी नाही. आधी देवाचं नाव घेते. मला ते नाव गोड लागतं. कुणी गाऊन त्याची कथा सांगायला लागलं की माझ्या हातातलं काम गळून पडतं. म्हणूनच त्याच नावाने कुणी माणसांच्या काळजात भीती भरायला लागलं की माझं डोकं फिरतं. ऐका तर, एका बाटलीची गोष्ट सांगते.

आमच्या मासळीच्या शेडमागे एक मोकळं अंगण आहे. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. सुऱ्या तशाच टेबलांवर टाकून, रबरी बूट फटक फटक वाजवत बाया धावत होत्या. मधोमध उलट्या खोक्यावर सतरंजी, सतरंजीवर महाराज, आणि महाराजांच्या मांडीवर काळ्या फडक्यात गुंडाळलेली बाटली. शेडमध्ये सगळे त्यांना तीर्थमहाराज म्हणत. मी मनातल्या मनात बाटलीमहाराज म्हणायचे.

"माये, चामखीळ म्हणजे काय?" महाराज विचारत आणि स्वतःच उत्तर देत. "चामखीळ म्हणजे मागच्या पापाचं बी! डॉक्टर वरचं झाड कापतो. मी बी जाळतो. धर हात सूर्यापुढे!"

फडक्यातून काचेची काडी निघे. काडीच्या टोकाला पाण्यासारखा स्वच्छ थेंब. थेंब चामखिळीवर टेकला की बाई हात उन्हात धरायची, आणि गर्दी श्वास रोखून बघायची. हळूहळू पांढरी चामखीळ राखाडी व्हायची, मग तपकिरी, मग कोळशासारखी काळी.

"आलं! पाप बाहेर आलं!"

अंगण हुंकारायचं. महाराज मग स्वतःची बोटं वर करून दाखवायचे. टोकांना काळीकुट्ट. "तुमची पापं वाहून वाहून माझी ही दशा झाली, लेकींनो!" बाया ती बोटं डोळ्यांना लावायच्या.

एकच नियम कडक होता. शेडच्या एका टोकाला मासळी मिठात घालतात. तिकडच्या बाया रांगेत आल्या की महाराज खेकसायचे, "खारा हात मागे! तीर्थाला मिठाचा विटाळ होतो. नळावर जा, साबणाने धुऊन ये!" आणि त्या बिचाऱ्या मुकाट्याने जायच्या.

मी वजनकाट्यावर बसते. काट्यावर बसणाऱ्याला प्रश्न पडायची सवय लागते. बाटलीवर काळं फडकं कशाला? देव कधीपासून उजेडाला भ्यायला लागला? पण हे मी कुणाशी बोलले नाही. आमच्याकडे बायांचे हात दिवसभर ओले, सुरीने जागोजागी चिरलेले. असल्या हातांना चामखिळी फार लवकर धरतात. ज्याचा हात त्याचं पोट, त्यामुळे भीती प्रत्येकीलाच होती.

सगळ्यांत जास्त भीती होती माझ्या वहिनीला.

तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर चामखीळ आली होती. मीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. त्यांनी छोटी कुपी दिली, लावायचं कसं ते सांगितलं, आणि म्हणाल्या, "सावकाश जाते ही. धीर धर." पण कुपी घरी आली आणि बोट बिघडायला लागलं. आधी लाल झालं, मग सोललं, मग शेजारची बोटंही तशीच.

"झोंबतंय म्हणजे लागू पडतंय," वहिनी दात आवळून म्हणायची आणि आणखी थेंब टाकायची.

"अगं, पण चामखीळ एका बोटावर आणि सोलतायत तीन?"

"पसरतंय गं वन्सं ते. आत शिरलंय काहीतरी." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "उद्या मुकादम हात बघेल आणि घरी बसवेल. आणि बाळाला झालं तर?"

बाळ म्हणजे तिचं तान्हं, माझा भाचा. आमच्या घरातला खरा मुकादम तोच.

बर्फवाली मावशी तेव्हा आमच्याच उंबऱ्यावर बसली होती. शेडमध्ये फावड्याने बर्फ ओढायची, आणि ओढताना भजन गुणगुणायची. आवाज असा की बर्फालासुद्धा ऊब यावी. कामाच्या धबडग्यातही मी काटा थांबवून ऐकत बसायचे. तिच्या तळपायाला, अंगठ्याजवळ, चामखीळ होती आणि महाराजांनी तिथे तीर्थाची पट्टी बांधली होती.

"पोरी, तू महाराजांकडे जा," मावशी म्हणाली. "तुझ्या डॉक्टरणीचं औषध झोंबतं ना? मला बघ. एवढं तीर्थ ओतलं, पण ठणका नाही, आग नाही, काही म्हणजे काही दुखलं नाही! याला म्हणतात कृपा."

वहिनी माझ्याकडे बघेना. दुसऱ्याच दिवशी दुपारी ती रांगेत उभी होती. एकटी नको म्हणून मी मागे उभी राहिले.

महाराजांनी तिचा हात बघितला, कुपीचं ऐकलं आणि जीभ टाळूला लावून आवाज काढला. "डॉक्टरने डिवचलं! निजलेल्या नागाच्या शेपटीवर पाय दिला! आता तो हातभर फणा काढणार."

वहिनीचे ओठ पांढरे पडले.

काडी नाही, यावेळी महाराजांनी चिंधीच तीर्थात बुडवली आणि त्या सोललेल्या कातडीभोवती गुंडाळली. वहिनीने अशी किंकाळी फोडली की शेडमधला आवाज थांबला.

"ओरड! विष ओरडतंय, तू नाहीस!" महाराज म्हणाले. मग खाली वाकून, फक्त आम्हाला ऐकू येईल असं पुटपुटले, "पट्टी सोडायची नाही. आणि या हाताने तान्ह्याला शिवू नकोस. तुझं काळं त्याच्यावर उतरेल."

घरी येईपर्यंत वहिनीने तो हात छातीपासून लांब धरला होता, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. पण दार उघडलं आणि बाळ रडत होतं. आई पाणी भरायला गेलेली. पाळण्यात एका बाजूला कलंडून त्याचा चेहरा लाल झाला होता. अशा वेळी आईला उजवा-डावा हात कुठे आठवतो? तिने उचललं, गालावरचे अश्रू पुसले, मानेखाली हात घातला. मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि तिने बाळाला माझ्या अंगावर जवळजवळ फेकलंच.

"काही झालं नाही गं," मी म्हटलं. "बघ, गोरागोमटा आहे."

आम्ही दोघी खिडकीत बसलो. दुपारचं ऊन सरळ बाळावर येत होतं. मी त्याला खेळवत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या गालावर काहीतरी उमटायला लागलं. आधी मला वाटलं सावली असेल, म्हणून मी बाजूला सरकले, तरी ते तिथेच राहिलं. राखाडी झालं, मग काळं. तीन बोटं. गालावर तीन काळी बोटं, आणि मानेवर पंजाची कड.

देवाशपथ सांगते, मनातल्या मनात बाटलीमहाराज म्हणणारी मीसुद्धा त्या क्षणी महाराजांचं खरं मानून बसले. ओल्या फडक्याने पुसलं, साबण लावला. जाईना.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. हात पिशवीत घालून तिने दाताने गाठ मारली. बाळ भुकेने तिच्याकडे झेपावत होतं आणि ती अंग चोरून मागे सरकत होती. "आणू नका त्याला माझ्याजवळ! न्या! लांब न्या!"

तिला धरून मी बाळाला पाजवलं. तिचे दोन्ही हात पाठीमागे. पाजताना ती भिंतीकडे बघून रडत होती.

आई धावत महाराजांकडे गेली आणि निरोप घेऊन आली. "उद्या सकाळी बाळाला घेऊन या म्हणाले. जिभेवर तीर्थाचे थेंब टाकतील. आतून धुऊन निघेल."

"आई, ते पाणी वहिनीच्या कातडीला लागलं तर ती किंचाळली. जिभेवर?"

"मग तू काय करणार आहेस? वजन करणार आहेस का त्याचं?" आई भीतीने कडवट झाली होती. "डॉक्टरणीच्या औषधानेच तर हे सुरू झालं!"

सकाळी मी वहिनीला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. आईला बजावून गेले, आम्ही येईपर्यंत कुठे जाऊ नकोस.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीची गाठ सोडली, पट्टी कापली. आतलं बोट काळं, कडेने कच्चं. त्यांनी बोट उजेडाकडे वळवून बघितलं. मग पहिला प्रश्न विचारला तो असा, "औषध लावल्यावर लगेच काय करत होतीस?"

"कामावर जायची."

"हातात काय घालून?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "रबरी मोजे. सगळ्याच घालतात."

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. "अरे देवा. माझं चुकलं. तू काम काय करतेस ते मी विचारलंच नाही. अगं, ते औषध कातडी झिजवतं. चामखिळीची जाड कातडी झिजावी म्हणूनच देतात. तू ते ओलं असताना वर रबरी मोजा चढवलास. आत घाम. औषध घामात विरघळून सगळ्या बोटांवर पसरलं, आणि दिवसभर तिथेच कोंडलं. चांगल्या कातडीला काय कळतंय ती चांगली आहे म्हणून? तीही झिजली. आणि लाल झाल्यावर तू थांबायच्या ऐवजी आणखी ओतलंस."

"म्हणजे पसरलेलं ते..."

"औषध पसरलं. रोग नाही, नाग नाही, पाप तर नाहीच."

वहिनीच्या खांद्यातून काहीतरी उतरल्यासारखं झालं, पण लगेच तिने मान हलवली. "मग बाळाचा गाल? तो काळा का झाला? मी शिवले म्हणून झाला. महाराज आधीच म्हणाले होते."

मी सगळं सांगितलं. काळं फडकं, काचेची काडी, उन्हात धरलेले हात, काळी बोटं. डॉक्टरीणबाई भुवया आवळून ऐकत होत्या. शेवटी मी सहज म्हटलं, "आणि खारा हात त्यांना चालत नाही. मिठाचा विटाळ होतो म्हणे."

त्या ताडकन उभ्या राहिल्या. "काय म्हणालीस? मिठाचा? अगं, मग त्याने स्वतःच सांगून टाकलं की!"

कपाटातून त्यांनी एक पातळ काडी काढली, टोक पाण्यात भिजवलं आणि स्वतःच्या मनगटावर दोन ठिकाणी टेकवलं. एका ठिपक्यावर लगेच मिठाचं पाणी ओतलं, दुसरा तसाच ठेवला, आणि मनगट खिडकीतल्या उन्हात धरलं. मिठाच्या पाण्याने एक ठिपका दुधासारखा पांढरा होऊन धुऊन गेला. दुसरा आमच्यासमोर काळा पडत गेला.

"सिल्व्हर नायट्रेट. चांदीपासून बनवलेलं रसायन आहे. कातडीला लागलं आणि उजेड पडला की काळं पडतं, म्हणून बाटलीला फडकं. मीठ लागलं की त्याचा जोर जातो, म्हणून खारा हात नको. आम्हीही कधी कधी चामखिळीला टेकवतो, टोकापुरतं, बघून. पण हे जाळणारं रसायन आहे. त्याच्या चिंधीतलं ओलं तुझ्या हाताला लागलं होतं, ते बाळाच्या गालाला लागलं. डाग आहे तो. कातडी बदलली की आपोआप जाईल." मग त्यांचा आवाज बदलला. "बाळ कुठे आहे?"

"घरी. आज महाराज त्याच्या जिभेवर..."

वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी चपला घातल्या होत्या. "पोटात गेलं तर तोंडापासून आतपर्यंत भाजेल पोर. चला!"

घराला कुलूप होतं.

त्या रस्त्याने मी आयुष्यभर चालले आहे, पण तो तेवढा लांब कधीच नव्हता. वहिनी सगळ्यांत पुढे होती. अनवाणी. 

अंगणात गर्दी. खोक्यापुढे आई, आईच्या मांडीवर बाळ. महाराजांनी काळ्या बोटांनी त्याचे गाल दाबले होते. त्याचं इवलंसं तोंड उघडलं होतं, आणि काडीच्या टोकाला थेंब लोंबत होता.

वहिनीने त्या काडीवर हात मारला. तोच हात, सोललेला, काळा, जो ती पाठीमागे लपवत होती. काडी शेजारच्या रिकाम्या खोक्यावर आपटून फुटली. तिने बाळाला त्याच हाताने उचललं आणि छातीशी धरलं.

"पापिणी!" महाराज गरजले. "शिवलीस त्याला! आता मरेल ते!"

गर्दी उसळली. कुणीतरी माझे केस ओढले. आई छाती पिटत होती. बर्फवाली मावशीही पुढे आली, लंगडत. "का गं पोरी, देवाच्या कामात का पडतेस?"

"मावशी, तुझ्या पायाची पट्टी सोडायला हवी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मघाशी धावता धावता मी त्यांना मावशीबद्दल सांगितलं होतं, आणि त्या धावता धावताच थबकल्या होत्या.

"पट्टी सोडली तर पाप परत आत शिरतं." मावशीने पाय मागे घेतला. "महाराजांनी सांगितलंय."

"मग आधी पाप कुठे आहे ते बघू या."

त्या रिकाम्या खोक्याच्या फळीवर काडी फुटून तीर्थ सांडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते खोकं उन्हात ओढलं. "बघत राहा." सगळ्या बघत राहिल्या. ओल्या डागाच्या जागी लाकूड काळं व्हायला लागलं. कोरं लाकूड, नुकतंच सुताराकडून आलेलं.

"या फळीने काय पाप केलं?" त्यांनी विचारलं. "मागच्या जन्मी कुठलं झाड होतं हे?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. अंगणातलं ते पहिलं हसू.

मी तोवर मिठाच्या टाकीतून बादली भरून आणली होती. एवढ्या धांदलीत महाराज बाटली झोळीत घालत होते. ती मी हिसकावली. काट्यावर बसून हात चांगले घट्ट होतात. बाटली बादलीत उपडी केली आणि पाणी दुधासारखं पांढरंफटक झालं.

"यांच्या देवाला विटाळ होत नाही, बायांनो," मी ओरडले. "यांच्या रसायनाचा जोर जातो! म्हणून खारा हात मागे!"

मिठाकडच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांच्यातली एक जाडजूड बाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "म्हणजे आम्हाला रोज नळावर पिटाळलं ते यासाठी? महाराज, आता तुमची बोटं घाला की बादलीत. पापं धुऊन निघतात का बघू!"

महाराजांनी झोळी उचलली. "शाप देतो! सगळ्यांचे हात सडतील!" असं म्हणत ते मागच्या मागे सरकले, आणि शेडच्या कोपऱ्यावरून वळले ते परत दिसले नाहीत.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला एवढं जवळ बोलावलं नसतं.

मावशी त्या काळ्या फळीकडे बघत उभी होती. मग खाली बसली आणि आपणहून बूट काढायला लागली. "मला तर काही दुखलंच नाही गं," ती म्हणत होती, आता कृपा सांगितल्यासारखी नाही, विचारल्यासारखी. "काहीच दुखलं नाही."

"मावशी, तुला साखरेचा आजार आहे ना?" डॉक्टरीणबाईंनी हळू विचारलं.

"आहे की. जुना आहे."

पट्टी सुटली. जवळ उभ्या होत्या त्यांनी तोंडावर पदर धरले. मी काय बघितलं ते सांगत नाही. एवढंच सांगते, पायाची बोटं पाय सोडून जायच्या वाटेवर होती, आणि त्या माउलीला त्याचा पत्ता नव्हता.

साखरेच्या आजारात पायाची जाणीव मरते. जाळलं तरी कळत नाही, भाजलं तरी कळत नाही. ज्याला आम्ही सगळ्यांत मोठा चमत्कार म्हणत होतो तीच सगळ्यांत भयंकर गोष्ट होती. मावशीला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं. बोटं काढली, मग पाऊल काढलं. विष रक्तात पसरलं होतं. ती परत आली नाही.

वहिनीचा हात बरा झाला. डॉक्टरीणबाईंनी आधी सगळं औषध बंद केलं. सौम्य साबण, पाणी, टिपून कोरडं करायचं, व्हॅसलीन, वर स्वच्छ पट्टी, आणि जखम भरेपर्यंत ओल्या कामाला हात नाही. तोवर तिला मी माझ्या काट्यावर बसवलं आणि तिच्या टेबलावर सुरी मी धरली. कातडी पुरती भरल्यावर परत सुरुवात केली, पण या वेळी रीतीने. कोमट पाण्यात बोट भिजवायचं, मऊ झालेली मेलेली कातडी हलकेच घासायची, चामखिळीभोवती व्हॅसलीनचं कडं करायचं, औषध फक्त चामखिळीवर, काडीच्या टोकाने, आणि वाळू द्यायचं. रबरी मोज्याच्या आधी तर कधीच नाही. औषध रात्री, काम दिवसा, आणि मोज्याच्या आत सुती मोजा. जरा चुणचुणलं तर चालेल. लाल झालं, ओलं झालं, ठणकलं तर धुऊन टाकायचं आणि थांबायचं. थांबणं म्हणजे हरणं नव्हे. चामखीळ गेली, पण कंटाळा येईल इतक्या सावकाश गेली. चमत्कार फार घाईत असतो. औषधाला वेळ लागतो.

बाळाच्या गालावरची बोटं आधी फिकट झाली, मग गेली. शेवटचा डाग गेला त्या सकाळी वहिनी खिडकीत बसली होती. उन्हात. तिने उजवा तळवा उघडला, उलटसुलट करून बघितला आणि बाळाच्या गालावर ठेवला. खूप वेळ तसाच. बाळाने बोट धरून तोंडात घातलं, तेव्हा ती हसली, आणि आईने पदर डोळ्यांना लावला.

आता माझं एवढंच ऐका. देव मानता? मीही मानते. पण ज्या देवाला उजेडात आणायला फडकं सोडावं लागतं, जो मिठाला भितो आणि तान्ह्या लेकरापासून आईचा हात तोडतो, तो देव नव्हे. ती बाटली आहे. बाटलीला विचारावं, तुझ्यात काय आहे? कुणी उत्तराऐवजी शाप दिला तर समजावं, बाटली रिकामी करायची वेळ झाली. आणि अंगाला काही लावायचं असेल तर आधी विचारावं, लावल्यावर आग झाली तर काय करायचं? साखरेचा आजार असेल तर पायाला डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच लावू नये, औषधाच्या दुकानातलं असलं तरी.

उठताना एक काम करा. घरी जाऊन देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्या नावाशेजारी क्षणभर आमच्या बर्फवाल्या मावशीला बसवा. आवाज फार गोड होता तिचा. आणि कधी कुणी तुम्हाला आनंदाने सांगितलं, "मला तर काहीच दुखलं नाही," तर तिची आठवण करा, आणि त्या माणसाचा पाय बघा.